अकरा सेकंदांची नोंद

आमच्या ह्यांना अकरा भाषांमध्ये शून्य ते नऊ म्हणता येतं. त्यातल्या एकाही भाषेत 'पाणी द्या' म्हणता येत नाही. हे सांगितलं की लोक हसतात. पूर्वी मीही हसायचे, आता नुसती सवयीने सांगते.

ह्यांचं नाव काकासाहेब भिंगारदिवे. राहणार भिंगार, नगरच्या कॅम्पाला लागून. पाटीवर आता अहिल्यानगर लागलंय, पण माझ्या तोंडात नगरच येतं. मी विमल, माहेर शेवगावकडचं. बत्तीस वर्षं अंगणवाडी चालवली, त्यामुळे बोलणं जरा धुऊनपुसून झालंय. डोकं सणकलं की मात्र शेवगावची बोली बाहेर पडते, आणि डोकं माझं लवकर सणकतं. हे उलटे. ह्यांच्या पायावर पातेलं पडलं तरी हे आधी कुठलं पातेलं ते बघतील.

लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडलांना एवढंच सांगितलं होतं की मुलगा लष्करात सिव्हिलियन आहे, सरकारी आहे, वायरलेसमध्ये आहे. इथं आल्यावर मी विचारलं, तुम्ही ऑफिसात करता काय? म्हणाले, ऐकतो. काय ऐकता? आकडे. कशाचे आकडे? माहीत नाही. आता नवी नवरी असं ऐकून काय करणार! मला वाटलं माणूस उडवाउडवी करतोय. एकदा तर भांडून माहेरी गेले. भाऊ मला परत सोडायला आला आणि ह्यांना म्हणाला, "दाजी, बाईमाणसाला कायतरी सांगावं लागतं." हे म्हणाले, "सांगितलंय की."

खरंच सांगितलं होतं, हे मला तीस वर्षांनी कळलं. दोन हजार तेराला निवृत्त झाले आणि महिन्याभरात बाजारातून एक जुना शॉर्टवेव्हचा रेडिओ घेऊन आले. एका संध्याकाळी मला म्हणाले, विमल, बस इथं. बटण फिरवत फिरवत एका ठिकाणी थांबले. आधी नुसती खरखर, मग शिट्टीसारखं काहीतरी, आणि मग एक बाई बोलायला लागली. कुठल्या देशाची ते मला कळलं नाही आणि ह्यांनी सांगितलंही नाही. ती पाच आकडे म्हणायची, थांबायची, परत तेच पाच म्हणायची, मग पुढचे पाच. माझ्या अंगणवाडीतली पोरंसुद्धा एक ते शंभर म्हणताना मध्ये हसतात, खोकतात, एखादं जांभई देतं. ह्या बाईच्या आवाजात काहीच नव्हतं. दहा मिनिटं म्हणत राहिली, शेवटी तीन शून्यं म्हणाली, तीही ह्यांनी सांगितली म्हणून कळली, आणि गप्प झाली.

"ही बाई कुणाशी बोलती हो?"

"तिच्या एका माणसाशी. तो कुठंतरी परक्या मुलखात बसलाय. कारकून असेल, दुकानदार असेल. घरात त्याच्या साधा रेडिओ आहे, कुणाच्याही घरात असतो तसला. ठरल्या वेळेला तो लावतो आणि आकडे लिहून घेतो."

"म्हणजे गुप्तहेर?"

"हं."

"आणि तुम्ही मधल्यामधी लिहून घ्यायचा?"

"सगळं जग लिहून घेऊ शकतं. अर्थ त्या एकालाच लागतो." आणि मग हा माणूस, ज्याने लग्न झाल्यापासून मला धड चार वाक्यं सांगितली नव्हती, तो अर्धा तास बोलला. म्हणाले, त्या हेराकडे एक छोटी वही असते, नुसत्या आकड्यांनी भरलेली. तशीच दुसरी वही पाठवणाऱ्याकडे. जगात तिसरी नाही. पाठवणारा निरोपाचे आधी आकडे करतो, त्यात वहीतले आकडे मिळवतो आणि रेडिओवर सोडतो. ऐकणारा तेच आकडे वजा करतो, की निरोप हातात. एक पान एकदाच वापरायचं आणि जाळून टाकायचं. पान जळलं की मग तो निरोप सोडवणारा माणूस जन्माला यायचा नाही.

"मिळवताना हातचा धरायचा नाही," म्हणाले. "सात आणि आठ?"

"पंधरा."

"पाच. एक सोडून द्यायचा."

"हातचा न धरता कसली आलीय बेरीज! माझ्या पोरांना असं शिकवलं तर पर्यवेक्षिका माझी बदली करतील." मला खरंच राग आला होता. हे गालातल्या गालात हसले. तेव्हा हसायचे.

मी विचारलं, ऐकणारा उत्तर कसं देतो? म्हणाले, देत नाही. उत्तर दिलं तर पकडला जाईल. त्याने फक्त ऐकायचं. मग पाठवणाऱ्याला कसं कळतं, निरोप पोचला का, माणूस जागेवर आहे का, जिवंत तरी आहे का? कळत नाही, म्हणाले. तरी रोज पाठवायचं. सांगण्यासारखं काही नसलं तरी आकडे सोडायचे, म्हणजे आज निरोप होता की नव्हता ते तिसऱ्याला ओळखू येत नाही. काही स्टेशनं वर्षानुवर्षं चालतात, समोर कुणी उरलेलं नसेल तरीही. मी म्हटलं, मग बंद का करत नाहीत? तर म्हणाले, बंद करा असं कुणी सांगितलेलं नसतं.

ह्यांच्या कामाचे दोन नियम होते. जे ऐकू आलं नाही तिथं रेघ मारायची, अंदाजाने आकडा भरायचा नाही. एक्क्याण्णव साली विजा चमकत असताना ह्यांनी एक आकडा अंदाजाने भरला होता आणि तो वरिष्ठांनी पकडला. त्यानंतर हा माणूस चहात साखर आहे की नाही हेसुद्धा घोट घेतल्याशिवाय सांगत नाही. दुसरा नियम रजिस्टरचा. तारीख, वेळ, काय ऐकलं, पाठवणारा, मजकूर, असे रकाने. शेवटचे दोन ह्यांनी भरायचे नाहीत, ते वरच्या ऑफिसात भरायचे. तेहतीस वर्षं मजकुराचा रकाना ह्यांच्यासमोर कोरा राहिला. एकाही निरोपाचा अर्थ कळला नाही हो तुम्हाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, एकाही नाही.

हे एवढं लांबण लावून सांगते, कारण पुढचं सगळं ह्याच सवयींमुळे झालं.

महेंद्र आमचा एकुलता एक. मोबाईल टॉवरच्या देखभालीचं काम करायचा. शेवगाव, पाथर्डी, नेवासा, मोटरसायकलवर सगळं. त्याची बायको दीपा, भिंगारमध्येच एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. पोरगी सायली तेव्हा एक वर्षाची. महेंद्र रोज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घरच्या फोनवर फोन करायचा. मोबाईल सगळ्यांकडे होते, पण त्याच्या पप्पांना तो खोक्यासारखा जुना फोनच बरा वाटायचा, जाड रिसीव्हरचा, ज्यावर नंबरबिंबर काही दिसत नाही. पोरगा काय बोलायचा? निघालो. जेवायला आहे. सायलीला बिस्किट आणू का. बापलेक अर्धं मिनिट बोलायचे.

नऊ नोव्हेंबर दोन हजार सतराला फोन आला नाही. दोन दिवसांनी शेवगावच्या पलीकडे, धरणाचं पाणी जिथं शेतांपर्यंत येतं तिथं काठावर त्याची मोटरसायकल सापडली. किल्ली लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. पाण्यात माणसं उतरवली, गळ टाकले, आठ दिवस शोधलं. काही मिळालं नाही. भांडण नव्हतं, आजार नव्हता, चिठ्ठी नव्हती. का, हे आजपर्यंत कुणाला माहीत नाही. मला रोज कुणीतरी येऊन काहीतरी कारण सांगून जायचं आणि मी चहा करून द्यायचे.

मी रडले नाही. लोकांना वाटलं बाई खंबीर आहे. खंबीर कसली डोंबलाची! आत काही हलतच नव्हतं. भाजीला मीठ पडलंय का ते कळायचं नाही, पावसात उभी असले तर दीपा येऊन आत न्यायची. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढायचे, सही करायचे, घरी यायचे. अजूनही बरंचसं तसंच आहे.

ह्यांनी एक दोनशे पानी वही आणली, तिच्यावर रकाने आखले, अगदी ऑफिसातल्यासारखे. रोज सातला फोनजवळच्या खुर्चीत बसायचे. सात दहाला लिहायचे: काही नाही. सात चाळीसला उठायचे. एक दिवस चुकवला नाही, तापातसुद्धा नाही. मी आधी चिडायचे. "अहो, मुडद्यासारखं बसून काय व्हणार हाय?" असं एकदा तोंडातून गेलं आणि मग मीच आत जाऊन बसले. पुढे पुढे मला त्या बसण्याची सवय झाली. खरं सांगायचं तर आधार झाला. हे ऐकताहेत, म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, असं मला वाटायचं.

आणि बारा मार्च दोन हजार वीसला हे बसले नाहीत.

पलंगावर आडवे होते. वजन उतरलं होतं, जेवण तर नावालाच. मी म्हटलं, सात वाजले. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "विमल, आता मी ऐकत नाही." एवढंच. त्या दिवसाची ओळ वहीत कोरी राहिली.

त्या वेळी पहिल्यांदा माझ्या आत काहीतरी हललं, आणि ती भीती होती. पोरगं गेलं तेव्हा भ्याले नव्हते एवढी भ्याले. हा माणूस ऐकायचा थांबला तर महेंद्र मेला, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आमच्या अंगणवाडीच्या मदतनीस मनकर्णाबाई, त्यांच्याकडे गेले. दोन गल्ल्या सोडून घर. म्हटलं, माझ्या मोबाईलचा चार्ज गेलाय, जरा फोन द्या. मनकर्णाबाई म्हणाल्या, "घ्या की बाई, इचारायचं काय त्येच्यात." मी त्यांच्या न्हाणीघराच्या मागे गेले, सात दहा होऊ दिले आणि आमच्याच घरचा नंबर लावला.

माझं ठरलं होतं. तोंडावर पदर धरायचा, आवाज जाड करायचा आणि एकच शब्द बोलायचा. पप्पा.

चार वेळा वाजला. मग धडपडल्याचा आवाज आला, नंतर कळलं की पलंगाच्या कडेवर गुडघा आपटला होता. "महेंद्र?" म्हणाले. "महेंद्र, बोल." मग परत एकदा, "महेंद्र." मग गप्प झाले. सगळी नोकरी जसे बसले असतील तसे श्वास धरून ऐकत राहिले. मला त्यांचं ते ऐकणं ऐकू येत होतं. ठरवलेला शब्द माझ्याच्याने बोलवेना. पदर तोंडात धरून उभी राहिले आणि मग फोन कापला.

घरी आले तर हे खुर्चीत, वही उघडलेली. १३ मार्च, ७.१०. कॅरिअर. आवाज नाही. ११ सेकंद. पलीकडचं मशीन चालू आहे पण कुणी बोलत नाही, त्याला ह्यांच्या कामात कॅरिअर म्हणतात. पाठवणारा आणि मजकूर, दोन्ही रकान्यांत रेघ. मला म्हणाले, "फोन आला होता." मी म्हटलं, "कुणाचा?" म्हणाले, "सांगता येत नाही." त्या दिवशी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

मला वाटलं, चला, निभलं. मला काय माहीत हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी मला न सांगता पोलिसात जाऊन अर्ज देईल! 'बेपत्ता मुलाच्या घरी अमुक वेळेस फोन आला, बोलणे झाले नाही, तपास व्हावा.' शिक्का मारलेली प्रत घेऊन आले. आठ-दहा दिवसांत कोरोनाची टाळेबंदी लागली, पोलीस रस्त्यावर, अर्ज फायलीत. कुणी तपास केला नाही. मी गप्प बसले. पाच वर्षं गप्प बसले. हे रोज खुर्चीत बसत राहिले, अंगावर थोडं मांस आलं, सायलीला आकडे शिकवायला लागले. मी मनात म्हणायचे, विमल, वाईट काय केलंस? त्या प्रश्नाला मी कधी नीट उत्तर दिलं नाही.

आता दीपाचं सांगते. दीपा आमच्याच घरात राहिली. लॅबमध्ये जाते, पोरीचा अभ्यास घेते, मला आत्या आणि ह्यांना मामा म्हणते, आणि सात-आठ वर्षांत तिने कधी आवाज चढवला नाही. तिच्या भावाने एक स्थळ आणलं. हर्षल, शेवगावचा, शाळेत प्रयोगशाळा सहायक, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. मुलगा सरळ आहे. दोनदा घरी आला, सायलीसाठी खोडरबर आणि पट्टी घेऊन आला, ह्यांच्या पाया पडून निघाला. दीपा मला म्हणाली, "आत्या, तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार." मी म्हणाले, "येडी हायेस का! कर." ह्यांनीही मान हलवली.

पण दीपा विधवा नव्हती आणि सुवासिनीही नव्हती. कायदा असा आहे की माणसाची खबर ज्यांच्या कानावर यायला हवी, त्यांच्या कानावर सात वर्षं आली नाही, तर कोर्ट त्याला मेला असं धरतं. त्यासाठी दीपाला दावा लावावा लागला, आणि दाव्यात प्रतिवादी म्हणून नावं कुणाची, तर आमची. काकासाहेब आणि विमल. ती रोज सकाळी आम्हाला चहा करून द्यायची आणि तारखेला आमच्याविरुद्ध उभी राहायची. वकीलबाई म्हणाल्या, नुसती रीत आहे, दोन तारखांत होऊन जाईल.

दुसऱ्या तारखेला सरकारी वकिलांनी बेपत्ताची फाईल उघडली आणि तो अर्ज वर काढला. म्हणाले, हे बघा, मार्च दोन हजार वीसमध्ये फोन आल्याचं खुद्द वडलांनी कळवलंय. फोन मुलाचा असेल तर सात वर्षं तिथून धरावी लागतील, म्हणजे मार्च दोन हजार सत्तावीसपर्यंत. जज्जसाहेबांनी चष्मा काढून ह्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या तारखेला वडलांनी साक्षीला यावं असं लिहिलं.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, तो फोन मुलाचा नव्हता."

"ते मला माहीत नाही."

"अहो, पण कुणी बोललंच नाही ना?"

"बोललं नाही. म्हणून कुणाचा होता हे मला सांगता येत नाही, आणि कुणाचा नव्हता हेही सांगता येत नाही. तिथं रेघ आहे."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

घरी आल्यावर दीपा भेंडी चिरायला बसली. हर्षलच्या घरच्यांनी दिवाळीपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं, त्याच्या आईचं दुखणं वाढलंय, दीड वर्ष ते कुठून थांबणार. दीपा म्हणाली, "आत्या, मी त्यांना कळवते, जमत नाही म्हणून." मी म्हटलं, चिडत का नाहीस गं? म्हणाली, "कुणावर चिडू? मामांनी ऐकलं ते ऐकलं." आणि भेंडी चिरत राहिली. एका मापाचे तुकडे. तिचा चेहरा बघितला आणि मला त्या रेडिओवरच्या बाईचा आवाज आठवला. चौतिसाव्या वर्षी ही पोरगी तशी होत चालली होती, आणि ते माझ्यामुळे.

मग मी ह्यांच्याशी भांडले. सगळी शेवगावची भाषा काढली. "पोरीच्या आयुष्याचं वाटोळं व्हतंय आन् तुमाला रेघ दिसती? एक शब्द बोलायचा हाय, न्हाई म्हनायचं, जीभ झडती का?" हे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "विमल, न ऐकलेलं मी भरत नाही." मी म्हणाले, "आन् ऐकलेलंच खोटं असलं तर?" माझ्याकडे बघत राहिले. मी सांगणार होते, तेव्हाच सांगणार होते. पण पाच वर्षांत त्या अकरा सेकंदांवर ह्या माणसाने किती वेळा जेवण केलंय ते मला माहीत होतं, आणि माझं तोंड उघडलं नाही. दहा दिवस मी तशीच हिंडले. एकाला सांगितलं तर त्याचं पोरगं जाणार, नाही सांगितलं तर दुसरीचं घर. झोप लागायची, जेवणही जायचं.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी दीपा लॅबमध्ये होती, सायली शिकवणीला. हे सातला खुर्चीत बसले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले, चार पावलांवर. सात दहा झाले. मी माझा मोबाईल काढला आणि घरचा नंबर लावला.

फोन वाजला. ह्यांच्या हातून रिसीव्हर एकदा सुटला. उचलला, कानाला लावला. "महेंद्र?" ते मला दोन ठिकाणांहून ऐकू आलं, समोरून आणि मोबाईलमधून. मी बोलले नाही. त्या दिवशीही बोलले नव्हते. "महेंद्र, बोल." मग त्यांनी मान वर केली.

मी मोबाईल कानाला लावून उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं. रिसीव्हर खाली ठेवला नाही. नजर मनगटावरच्या घड्याळावर नेली आणि ऐकत राहिले. मीही ठेवला नाही. मग त्यांनीच रिसीव्हर ठेवला, वही ओढली आणि लिहिलं. अकरा सेकंद झाले असणार, मी विचारलं नाही. मग उठून कपाटातून जुनी वही काढली, वीस सालची, आणि बराच वेळ तिच्यावर वाकून बसले.

मला वाटलं, ओरडतील. आयुष्यात एकदा तरी ओरडतील. मी तर म्हणते ओरडायला हवं होतं. वही मिटून म्हणाले, "भाकरी वाढ." अर्धी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी कोर्टात उभे राहिले, पांढरा शर्ट, खिशाला पेन. साहेबांनी विचारलं, फोनबद्दल काय सांगता? ह्यांनी एका दमात सांगितलं, जसं ऑफिसात सांगत असतील. "तेरा मार्च दोन हजार वीस, सात वाजून दहा मिनिटं. तो फोन माझ्या मुलाचा नव्हता. पाठवणारा माझ्या घरातला आहे. मुलाकडून नऊ नोव्हेंबर दोन हजार सतरापासून आजपर्यंत काही ऐकू आलेलं नाही." साहेबांनी विचारलं, हे आज कसं सांगता? म्हणाले, काल खात्री झाली.

मग मला उभं केलं. मी साफ बोलायचं ठरवून गेले होते. "व्हय, म्याच केलता," एवढंच आलं. सरकारी वकिलांनी कागद उलटसुलट केले आणि काही विचारायचं नाही म्हणाले. दीपा मागच्या बाकावर होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा हलला, रडायच्या आधी हलतो तसा. ती रडली, मी नाही.

रिक्षात आम्ही दोघंच होतो. कॅम्पाच्या कमानीपाशी हे म्हणाले, "त्या दिवशी काय बोलणार होतीस?"

"पप्पा म्हणणार होते. त्याच्या आवाजात."

म्हणाले, "बरं झालं नाही बोललीस. मी ते लिहून घेतलं असतं."

निकाल तीन आठवड्यांनी आला. महेंद्र काकासाहेब भिंगारदिवे मयत धरण्यात येत आहे. कागद हातात घेतला, घडी घातली, पिशवीत ठेवला. मला वाटलं होतं त्या वेळी काहीतरी होईल, पण काही झालं नाही. दिवाळीच्या आधी विहारात दीपाचं लग्न लागलं. मुलीकडचे म्हणून आम्हीच उभे राहिलो आणि साक्षीदार म्हणून ह्यांनी सही केली. सायलीने जाताना ह्यांना रशियन का कुठल्या भाषेत एक ते पाच म्हणून दाखवले, आणि सहाला अडली. ह्यांनी सहा सांगितला.

परवा घर आवरत होते. दीपाची रिकामी खोली झाली, मग धूळ झटकायला म्हणून ह्यांचं कपाट उघडलं तर ती वीस सालची वही वर होती. मी कधी ह्यांच्या वह्या उघडत नाही. उघडली. तेरा मार्चची ओळ सापडली. शेवटच्या दोन रकान्यांतल्या जुन्या रेघा तशाच होत्या, आणि त्यांच्या वर निळ्या शाईत नवीन लिहिलं होतं.

पाठवणारा: विमल.

मजकूर: समजला.

मी दोनदा वाचलं. मग मी तिथंच फरशीवर बसले, आणि मला रडू आलं. महेंद्र गेल्यापासून पहिल्यांदा. तोंडात पदर धरावा लागला, कारण हे अंगणात झाडांना पाणी घालत होते. किती वेळ ते कळलं नाही. मग डोळे पुसले, वही होती तशी ठेवली आणि घड्याळ पाहिलं. सात वाजून आठ मिनिटं झाली होती.

मी दारात जाऊन हाक मारली, "अहो, या आत. वेळ झाली."